आत्याची वेगळी चूल

रेशनचे इन्स्पेक्टर येणार होते त्या सकाळी राजाजीनगरच्या आमच्या घरात मी सगळ्यांना हुकूम सोडत होतो. विधवा आत्याच्या नावानं वेगळं कार्ड काढायची कल्पना माझीच. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. घरात वडिलांचा आणि माझा असे दोन पगार, स्कूटर, रंगीत टीव्ही. तरी स्वस्त तांदूळ आणि रॉकेल आम्हाला जास्तीचं हवं होतं. त्यासाठी आत्याची चूल वेगळी दिसायला हवी होती. खोटं उघडं पडलं असतं तर आमचंही कार्ड गेलं असतं.

मागच्या तिच्या खोलीत मी स्टोव्ह आणि दोन पातेली ठेवली.

"भारी सामान दिसत असेल तर उचल तिथलं," वडील म्हणाले.

मी पाहिलं. दोरीवर लुगडी, पत्र्याची ट्रंक, चटई. उचलण्यासारखं काही नव्हतं. मला कळायला लागल्यापासून ती आमच्यासाठी राबत होती.

"वन्सं, भात खरंच शिजवा हं," आई म्हणाली. "झाकण काढून बघतात मेले."

"आणि आमटी, वहिनी? की गरिबाला आमटी नसते?"

आम्ही हसलो.

इन्स्पेक्टर टीव्ही, फ्रिज न्याहाळत मागे आले. झाकण उचलून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, भाऊ जेवायला घालत नाही?"

आत्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील खिडकीबाहेर बघू लागले.

"नाही," ती म्हणाली. "माझं मी करते."

"या घरात तुमचं काय आहे?"

"काही नाही."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी अर्जावर सही केली.

ते जाताच आईनं पानं वाढली. "चला वन्सं."

"माझा भात झालाय."

"अगं, ते नाटक होतं!" वडील म्हणाले.

"दादा, त्यानं विचारलं तेव्हा तू बाहेर काय बघत होतास?"

ती मागे जाऊन जेवली. त्या दिवशी, आणि पुढेही.

कार्ड आलं. त्यावरचा पहिला तांदूळ मी आणला आणि आईच्या डब्यात ओतायला निघालो. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पिशवीला हात घातला. मी पिशवी घट्ट धरून राहिलो. तिनं ओढली नाही, हात मात्र काढला नाही. शेवटी आतून आईच म्हणाली, "सोड रे."