सातवा नॉब

कंटाळा आला होता, खरंच सांगतो. तळोज्याच्या केमिकल प्लांटमध्ये दिवसभर मीटर आणि वायरी बघायच्या, नि सुकापूरला घरी येऊन पुन्हा तेच. सोल्डरचा धूर नाकात जायचा, मान धरायची, अक्षरं दिसेनाशी झाली की चष्मा पुसत बसायचं. बायको म्हणायची, "तिकडच्या वायरींनी पोट भरत नाही वाटतं!"

पण काम दादाचं होतं. दादा माझा थोरला भाऊ, करंजाड्याला राहतो. तरुणपणी तो आमच्याकडच्या हळदींना बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा आणि मी शेजारी उभा राहून वायरी सांभाळायचो. तेव्हा आम्ही दोघांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक सिक्वेन्सर बनवला होता. आठ नॉब, आठ दिवे. दिवा एकेका नॉबवरून पुढे सरकायचा, आणि नॉब जितका फिरवलेला तितका उंच सूर वाजायचा. आठ झाले की परत पहिल्यापासून. दादाने त्यावर स्वतःची एक चाल लावली आणि मग डब्याला कोणाला हात म्हणून लावू दिला नाही. पार्टी मोडली, डबा माळ्यावर गेला, तरी नॉब होते तिथेच राहिले. चाल कुठे लिहिलेली नव्हती की कॅसेटवर नव्हती. जी काय होती ती त्या आठ नॉबांत.

यंदा दादाचे कान गेले. उजवा पूर्ण बंद, डाव्याने खालचे सूर तेवढे ऐकू येतात, आणि तेही फार दिवस टिकणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. दादाने माझ्याकडे एकच मागणं केलं. "माझी चाल एकदा मोठ्या स्पीकरवर वाजव. मंग कान गेलं तरी चालंल."

स्पीकर त्याच्या मुलीकडे, आणि त्यावर वाजवायचं तर आमचं सर्किट तिच्या वाद्यात बसवायला हवं. तिला मॉड्युलर सिंथचा, म्हणजे सुट्या भागांतून जुळवायच्या विजेच्या वाद्याचा नाद आहे. लोखंडी चौकट, तिच्यात वेगवेगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि वायरींनी एकमेकींना जोडायच्या. पण पट्टीची उंची ठरलेली, तेरा सेंटिमीटरला जरा कमी, आणि वीज बारा व्होल्टची. आमचा डबा वीतभर रुंद, चालणार नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. म्हटलं, घ्या आता! सर्किट कापून दोन मजली केलं, विजेची सोय केली, ॲल्युमिनियमची पट्टी कापून घासून भोकं पाडली. तीन रविवार गेले. जुने नॉब एवढे दांडगे की नव्या पट्टीत मावेनात. नवे लहान आणले. जुना प्रत्येक नॉब काढण्याआधी त्याचं टोक कुठे होतं तिथे डब्याच्या झाकणावर मार्करने खूण केली, म्हणजे नवा त्याच कोनात फिरवला की झालं.

पुतणी म्हणाली होती, "काका, फोटो काढून ठेवा." मी हो म्हटलं आणि विसरलो. आमच्या प्लांटमध्ये मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो. इतकी वर्षं मी काहीही उघडलं की मार्करने खूण करत आलोय, फोटो काढायचं हाताला माहीतच नाही.

मग आली खंडेनवमी. प्लांटमध्ये आदल्या दिवशी आम्ही सगळी हत्यारं थिनरने लख्ख पुसतो, मग हळदकुंकू. घरीही तेच. पक्कड पुसली, मीटर पुसला, सोल्डरिंगची कांडी पुसली. टेबलावर डब्याचं झाकण होतं. त्या यंत्राचा मान मोठा, म्हणून ते सगळ्यात जास्त चोळून पुसलं. त्यावर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, आणि तेव्हा कळलं.

झाकण आरशासारखं स्वच्छ होतं. खुणा गेल्या होत्या, आणि नवे नॉब त्यांच्यावरून लावायचे अजून बाकीच होते. गाढवा, म्हटलं मी, गाढवा! खाली बसलो तो कितीतरी वेळ उठलोच नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला करंजाड्याला गेलो, पट्टी पिशवीत घेऊन. पुतणीने ती चौकटीत बसवली. अगदी मापात बसली, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. दादाच्या डाव्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "दादा, खुणा पुसल्या. माझ्याच हाताने पुसल्या."

त्याने खुर्ची चौकटीजवळ ओढली. मग म्हणाला, "चालू कर."

दिवे पळायला लागले. पहिले चार सूर खालचे होते, ते त्याने स्वतः ऐकून लावले. पाचव्याला हात लावला आणि थांबला. वरचे त्याला ऐकू येत नव्हते. मग तो नॉबकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत नॉब फिरवू लागला. हळदीत असंच करायचा. गोंगाटात स्वतःचं वाजलेलं ऐकू आलं नाही की माझं तोंड बघायचा. पाचवा लागला तेव्हा माझी मान आपोआप हलली, त्याने हात काढला. सहावा तसाच. सातव्याला माझी मान हलेना, म्हणून तो सोडून आधी आठवा लावला.

मग पुन्हा सातवा. तो फिरवत राहिला, मी ऐकत राहिलो. मला आठवेना. इतक्या वेळा ऐकलेली चाल, आणि तेवढा एक सूर नाही म्हणजे नाही. खोटी मान हलवावी असं मनात आलं. रडू आलं.

त्याने माझा हात धरला आणि सातव्या नॉबवर ठेवला.

"माझं सात झालं," तो म्हणाला. "ह्यो तू लाव. मला नाय ऐकू यायचा, तुला तरी येऊ दे."

मी तो थोडासा फिरवला. दादाने स्पीकरवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि आठपर्यंत मोजायला लागला.