पोटाचं औषध सांगायचं राहिलं

"लोकांना दिसावं म्हणून मी आंधळा होतोय," असं काचवाले आपल्या कामाबद्दल म्हणायचे. तीस वर्षं हाच विनोद. ऐकणारे अजून हसायचे, पण त्यांचं त्यांना आता हसू येत नसे.

चष्म्याच्या दुकानामागं एक अरुंद खोली होती, तिथं त्यांचं यंत्र. गरगरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडायची. ते काच चाकाला टेकवायचे, फ्रेमच्या मापाला घासायचे, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे आणि पुन्हा टेकवायचे. दिवसाकाठी तीस-पस्तीस जोड्या. सुट्टी होईपर्यंत बोटं पाण्यानं सुरकुतलेली, नखांत पांढरा चुरा, आणि मान पुढं वाकलेली ती वाकलेलीच.

त्यांना एचआयव्ही आहे हे समजून सतरा वर्षं झाली होती. कुठून आला ते त्यांनी बायकोला एकदा सांगितलं आणि तिनं एकदा ऐकलं. त्यानंतर ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी स्वतःची तपासणी करून आली. तिला लागण नव्हती. कागद टेबलावर ठेवत ती म्हणाली, "मी राहतेय. पण रोजची गोळी माझ्यासमोर घ्यायची. तुमच्यावर सोडलं तर झालंच." तेव्हापासून तसंच चाललं. आधी सकाळ-संध्याकाळ दोन-तीन गोळ्या होत्या. पुढं एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रातून एकच गोळी मिळू लागली. तीन औषधं एकत्र, दिवसातून एकदा. सकाळी आठला चहा, बिस्किटं, गोळी आणि समोर बायको. वर्षातून एकदा रक्तातला विषाणू मोजायचा, तो दरवर्षी "सापडत नाही" असाच यायचा. विषाणू सापडत नाही तोवर तो बायकोलाही जात नाही, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांची रक्तदाबाची गोळी आहे, एवढंच तिला माहीत.

मग मुलीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिला झोपून राहायला सांगितलं, आणि तिची आई बॅग भरून दुसऱ्या गावी गेली. सहा महिन्यांसाठी.

"आठ वाजता फोन करीन," ती जाताना म्हणाली.

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात ते ऐकतात तरी."

फोन रोज यायचा. काचवाले "घेतली" म्हणायचे आणि खरंच घ्यायचे. पण बाकीची घडी विस्कटली. जेवण वेळेवर होईना. मान इतकी दुखायला लागली की काच उजेडाकडे धरली की हात थरथरायचा. दुकानातल्या हिशेबनिसानं आपल्या खणातली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी पुढं केली. "घ्या एक, घोड्यासारखं काम कराल." काचवाल्यांनी एक घेतली. मग रोज एक. पुढं रोज दोन. रिकाम्या पोटी गोळ्या पडल्या की काय व्हायचं ते झालं. छातीत जळजळ, घशाशी आंबट. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी पित्तावरचं गुलाबी सिरप आणलं. पहिल्या घोटालाच गार वाटलं. मग सकाळी उठल्या उठल्या दोन चमचे सिरप, त्यावर गोळी, त्यावर चहा, असा क्रम बसला. दुपारी पुन्हा दोन चमचे. बाटली डब्याच्या पिशवीतच राहू लागली.

चार महिन्यांनी वर्षाची तपासणी आली. रक्त देऊन आले आणि विसरले. वीस दिवसांनी केंद्रातून फोन आला, "काका, जरा येऊन जा."

समुपदेशक बाई तरुण होती, बोलायला मऊ. तिनं कागद त्यांच्यासमोर फिरवून ठेवला. रक्तात विषाणू सापडला होता. तीन हजार चारशे.

"काका, गोळ्या चुकतायत का?"

"नाही."

"एखादी? प्रवासात, घाईत? होतं असं, मी रागावणार नाही."

"नाही म्हटलं ना."

"घरी काही ताण? काकू बरोबर नाहीत यावेळी..."

"ती मुलीकडे आहे. रोज फोन करते. रोज घेतो."

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"नाही," काचवाले म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. दुखणं थांबवायची गोळी म्हणजे औषध थोडंच, ती हिशेबनीस चणेफुटाण्यासारखी वाटतो. आणि सिरप तर पोटासाठी.

बाईनं मान हलवली, काहीतरी लिहिलं, गोळ्यांची डबी घेऊन पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. मोजून बघू म्हणाली. ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. त्या मऊपणात त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की म्हातारा खोटं बोलतोय.

घरी आल्यावर ते बूटही न काढता खुर्चीत बसले. सतरा वर्षं. ताप असताना, मुलीच्या लग्नाच्या सकाळी, आई गेली त्या दिवशी. प्रेत दारात होतं आणि बायकोनं बाजूला बोलावून तळहातावर गोळी ठेवली होती. एवढं करून पदरात काय, तर तीन हजार चारशे. राग आला असता तर निदान अंगात काही आहे असं वाटलं असतं. नुसता थकवा आला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता फोन वाजला. "घेतली?"

"घेतली."

गोळी समोर बशीत होती. त्यांनी ती तशीच ठेवली, कुलूप लावलं आणि कामाला गेले. दिवसभर काचा घासल्या. दोन जोड्या चुकीच्या मापाला गेल्या, तसं त्यांचं कधी होत नसे. संध्याकाळी बशीतली गोळी उचलून त्यांनी खिडकीतून फेकली. खाली मांजर बसलं होतं, त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्यानंतरच्या सकाळी बायकोनं फोनवर गोळीचं विचारलंच नाही. म्हणाली, "काल तुमचा आवाज खोटा होता."

पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस आवाजावरून सापडतो. काचवाल्यांनी सगळं सांगितलं. आकडा, बाईचे प्रश्न, बशी, मांजर. पलीकडे मुलगी काहीतरी विचारत होती, तिला बायकोनं "दूधवाला आहे" म्हणून सांगितलं.

"आजची घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन एकदम घेऊ नका, एकच. आणि त्या बाईला कालचंही सांगा. लपवलंत तर ती बाकीचंही खोटंच धरेल."

ते डबी घेऊन केंद्रात गेले. तिथं गोळ्या देणाऱ्या खिडकीत एक पोक्त बाई बसायच्या. चष्मा नाकाच्या टोकावर, कुणाकडे फारसं न बघता काम करायच्या. त्यांनी डबी कागदावर उपडी करून गोळ्या पाच-पाचनं सरकवल्या. समुपदेशक बाई शेजारी उभी होती.

"हिशेबाला बरोबर आहेत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"एक घेतली नाही," काचवाले म्हणाले. "गेल्या बुधवारी. मुद्दाम. फेकली."

समुपदेशक बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मी विचारलं त्याच्या आधी?"

"नंतर. तुम्ही विचारलंत म्हणून."

तिनं गोळ्या परत डबीत भरल्या. मग म्हणाली, "चुकलं माझं, काका."

काचवाल्यांच्या घशाशी आंबट आलं होतं. त्यांनी सवयीनं पिशवीतून गुलाबी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तोंडाला लावणार तोच खिडकीतल्या बाईंनी हात बाहेर काढला.

"ती इकडे द्या."

"पित्ताचं आहे."

"कळतंय मला. कधी घेता?"

"सकाळी. गोळीच्या आधी. पोट शांत असलं म्हणजे गोळी बरी बसते."

"आणि किती दिवस?"

"चार महिने झाले असतील."

बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला. "अहो, बसत नाही, अडकून बसते! यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं. पोटात ते गोळीतल्या औषधाला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. तुम्ही रोज गोळी घेताय आणि रोज वाया घालवताय." त्या समुपदेशक बाईकडे वळल्या. "तू 'औषध' विचारलंस. म्हाताऱ्या माणसांना सिरप म्हणजे औषध नव्हे. पोटासाठी काय, गुडघ्यासाठी काय, ताकदीसाठी काय, असं एकेक विचारावं लागतं."

"मानेसाठीही आहे," काचवाले ओशाळून म्हणाले आणि वेदनाशामकाची पट्टी काढून ठेवली.

त्या दिवशी डॉक्टरांनी अर्धा तास दिला. दुखण्याच्या गोळ्या बंद. पित्त त्यांनीच वाढतं आणि या उपचाराबरोबर रोज घेतल्या तर मूत्रपिंडालाही जड जातात. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर सरकलाच होता. मानेला व्यायाम. सिरप लागलंच तर आधी गोळी, मग किमान दोन तासांनी सिरप. सिरप आधी पोटात गेलं असेल तर गोळीसाठी सहा तास थांबायचं. कॅल्शियम, लोह, ताकदीच्या गोळ्या, काहीही नवीन घेण्याआधी इथं विचारायचं. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. आणि कंटाळा आला तर गोळी फेकण्याऐवजी इथं येऊन बसायचं.

"औषध बदलावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच नाही. तीन महिने नीट घ्या, पुन्हा मोजू. तोवर काकू परत आल्या की काळजी घ्यायची. निरोध वापरायचा."

काचवाले खाली बघत "हो" म्हणाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे ऐकायचं म्हणजे.

नात झाली, आणि महिन्याभरानं बायको परतली. बॅग दारातच ठेवून तिनं आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग नवऱ्याला. "वाळलात."

त्यांनी चहा केला. डॉक्टरांचं बोलणं कसं काढावं हे ते दोन दिवस मनात घोळवत होते. शेवटी सरळ सांगून टाकलं. ती कप धरून ऐकत राहिली. थकलेली होती. महिनाभराची जागरणं डोळ्यांखाली साचली होती.

"म्हणजे मी इथं नव्हते ते बरंच झालं," ती म्हणाली.

"हो."

"मी असते तर बाटली दिसली असती."

"तेही आहे."

"मला कंटाळा आलाय हो," ती अचानक म्हणाली. "तुमचा नाही. आठ वाजण्याचा. तिकडे मुलीचं बाळ रडत असायचं आणि माझं लक्ष घड्याळाकडे. सतरा वर्षं मी दुसऱ्याच्या घशाखाली गोळी उतरवतेय."

सतरा वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. काचवाल्यांना वाटलं होतं, थकवा हा फक्त आजारी माणसाचा असतो. त्यांनी तिचा कप घेऊन विसळला. "उद्यापासून मी फोनमध्ये गजर लावतो. तू झोप," ते म्हणाले.

"जमेल?"

"बघू. चुकलो तर तुला सांगेन, मांजराला नाही."

ती हसली. अगदी थोडं, पण हसली.

पहिले काही दिवस ती आठच्या ठोक्याला जागी व्हायचीच. डोळे मिटून पडून राहायची, गजर वाजलेला, भांड्यात पाणी ओतलेलं ऐकायची आणि कूस बदलायची. पुढं पुढं खरंच झोपू लागली. मान पुरती बरी झाली नाही. दुकानात त्यांनी यंत्राखाली दोन फळ्या घालून ते उंच करून घेतलं, म्हणजे वाकायला कमी लागायचं. हिशेबनिसानं पुन्हा पट्टी पुढं केली तेव्हा "मला चालत नाही" एवढंच म्हणाले. का, ते सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. निकालाचा फोन आला तेव्हा हातात कुणाची तरी जाड भिंगं होती.

"काका, सापडत नाही," समुपदेशक बाई म्हणाली. "पुढच्या तपासणीतही असंच आलं की निश्चिंत. मूत्रपिंडाचा आकडाही खाली आलाय."

"बरं," काचवाले म्हणाले. "आभारी आहे."

चाक बंद करून त्यांनी हात पुसले आणि बायकोला फोन केला. तिनं ऐकून घेतलं. "चला, एक काम मिटलं," म्हणाली, आणि मग, "घरी या आता. राहू दे आज."

इतक्या वर्षांत त्यांनी मालकाकडे अर्धी सुट्टी कधी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. घरी येऊन जेवले आणि भिंतीकडे तोंड करून साडेपाचपर्यंत गाढ झोपले.