रिकाम्या आयपीवरून आलेलं उत्तर

मंडळी, अंधेरीच्या ऑफिसातून लिहितेय. भरदुपार आहे.

क्लायंटची साइट आज चालू करायची म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर नवीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आतच चालणारा वेगळा कॉम्प्युटर, बसवत होते. त्याला द्यायचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, रिकामा आहे ना, हे बघायला पिंग केलं. म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून पाहिली; रिकामा असेल तर उत्तर येत नाही. उत्तर आलं.

"अगं, प्रकाशदादांचं जुनं मशीन असेल," शेजारची नेहा म्हणाली. "बंद करायचं राहून गेलं. टाक करून."

प्रकाशदादा आमचे सीनियर. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. ऑफिसातून निघताना कोणी "जातो" म्हटलं की ओरडायचे, "जातो नाही रे, येतो म्हण."

टीमचा जुना पासवर्ड चालला. मशीन बंद करायची कमांड दिली. बंद होता होता स्क्रीनवर एकच ओळ उमटली: "येतो."

त्यांनीच कधीतरी घालून ठेवली असणार. मी हसले. नेहा हसली नाही.

खात्रीसाठी पुन्हा पिंग केलं. जुनं मशीन बंद, नवीन अजून चालूच केलेलं नाही.

उत्तर आलं.

मला आता घरी निघायचंय. काय म्हणून निघू, सांगा.