तारांचा प्रश्न

फुलंब्रीत बद्रीनाथराव म्हातारपणी रस्त्यानं चालायचे ते मान वर करून. खाली खड्डा असो, म्हैस बसलेली असो, यांची नजर विजेच्या तारांवर. दोनदा पडले, एकदा चष्मा फुटला. त्यांच्या मंडळी द्वारकाबाई म्हणायच्या, जन्मभर कागदात डोकं घातलं, आता आभाळात घातलंय, जमिनीवर काही हा माणूस यायचा नाही. गावानं त्यांचं नाव 'वायरमन' ठेवलं होतं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. खरं तर ते नाव त्यांना फारच सौम्य वाटत असावं.

हा माणूस वायरमन नव्हता, आमदाराचे प्रश्न लिहिणारा होता. विधानसभेत आमदार उभा राहतो, सरकारला जाब विचारतो, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. पण तो प्रश्न कुणीतरी आधी टेबलाशी बसून, शाई गाळून लिहिलेला असतो, हे कुणाच्या गावीही नसतं. आप्पासाहेब आमदारांचे प्रश्न चौदा वर्षं बद्रीनाथरावांनी लिहिले. आप्पासाहेब माणूस चांगला, आवाज खणखणीत. पण कागद म्हटला की त्यांना घाम फुटायचा.

बद्रीनाथरावांना कागदाची गोडी वडिलांकडून लागली. वडील निजामाच्या अमलात कचेरीबाहेर बसून लोकांच्या दरखास्ती लिहायचे. प्रत्येक दरखास्त 'फिदवी'पासून सुरू, म्हणजे आपला चरणांचा दास. पोलीस ॲक्शन झालं तेव्हा बद्रीनाथ बारा वर्षांचा होता. शाळा उर्दूची मराठी झाली, वडिलांच्या दरखास्तीतला फिदवी जाऊन 'आपला नम्र' आला, पण वाकणं तेच राहिलं. म्हणून मोठेपणी विधानसभेच्या प्रश्नाचा नमुना पहिल्यांदा हातात पडला, तेव्हा बद्रीनाथराव हरखून गेले. त्यात कुठंच हात जोडलेले नव्हते. 'अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' बस. आणि सरकारला उत्तर द्यावंच लागतं. आपल्या बापानं हे बघायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

जिल्ह्याच्या गावी, क्रांती चौकाजवळ, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आप्पासाहेबांचं कार्यालय होतं. तिथं बद्रीनाथराव फुलंब्रीहून रोज सकाळच्या एसटीनं यायचे. आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नाही, शाळेची भिंत कलली, पुलाला कठडा नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन लोक जिना चढायचे आणि बद्रीनाथराव त्या गाऱ्हाण्यांना तीन कलमांत बसवायचे. सरकारची उत्तरंही त्यांना पाठ झाली होती. 'हे खरे नाही' हे नेहमीचं. 'हे अंशतः खरे आहे' हे सणासुदीचं. आपल्या द्वारकाबाईंच्या 'बघू' मध्ये आणि सरकारच्या 'अंशतः' मध्ये काही फरक नाही, असं ते हसून सांगायचे. नुसतं 'हे खरे आहे' असं उत्तर त्यांच्या एकाही प्रश्नाला आलं नव्हतं. ते एकदा यावं, ही त्यांची मोठी हौस होती.

आणि मग एक फटका बसला. एका गावातल्या लोंबकळत्या तारांबद्दल त्यांनी ऐकीव माहितीवर प्रश्न लिहिला. प्रश्न सभागृहात येईपर्यंत खात्यानं त्या तारा गुपचूप ओढून घेतल्या होत्या. मंत्र्यांनी सांगितलं, हे खरे नाही, आणि वर विचारलं की सन्माननीय सदस्य त्या गावाला शेवटचे कधी गेले होते. सभागृह हसलं. आप्पासाहेब मुंबईहून परत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले की बद्रीनाथराव, इथून पुढं घडलेलं लिहा. ते ओरडले असते तर बद्रीनाथराव विसरून गेले असते. पण ते ओरडले नाहीत, आणि हे शब्द बद्रीनाथरावांच्या काळजात रुतून बसले. पंचनामा नाही, पेपरातलं कात्रण नाही, तर प्रश्न नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. पुढं पुढं तो नियम आपला आहे की विधानसभेचा, हेही ते विसरले.

त्यानंतरच्या माघ महिन्यात बानाबाई आली. देवगाव रंगारीच्या शिवारात धनगरांची आठ-दहा घरांची वस्ती होती, तिथली. नवरा भिकन शेळ्यामेंढ्या राखायचा. आल्या आल्या तिनं विचारलं की तारांचा प्रश्न इचारत्यात ते हापिस हेच का. बद्रीनाथरावांना आधी कळेना. मग उलगडा झाला. देवगावच्या बाजारात कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होतं, त्यात आलं होतं की आप्पासाहेबांनी तारांकित प्रश्न विचारला. बाईनं ऐकलं, तारांचा प्रश्न. ज्या प्रश्नाला आमदार चांदणीची खूण करतो आणि मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं तो तारांकित, हे तिला कोण सांगणार? आपल्या वस्तीवरची विजेची तार खाली आली आहे, आणि मुंबईत एक माणूस फक्त तारांचेच प्रश्न विचारतो, असं समजून ती दोन एसट्या बदलून आली होती.

बद्रीनाथराव पोट धरून हसले. तीही थोडं हसली, काय चुकलं ते न कळून. तो किस्सा त्यांनी पुढं कितीतरी जणांना सांगितला. नंतर मात्र त्या हसण्याची त्यांना मरेपर्यंत लाज वाटली.

हसून झाल्यावर त्यांनी तिला बसवलं. बानाबाईनं ओच्यातून सुतळीचं एक भेंडोळं काढलं आणि जमिनीवर सरळ पसरलं. सुतळीला दोन गाठी होत्या. पहिल्या गाठीपर्यंत भिकनच्या आकडीची उंची. आकडी म्हणजे लांब बांबूला वर लोखंडी कोयता; उन्हाळ्यात गवत संपलं की धनगर तिनंच बाभळीचा पाला आणि शेंगा पाडून शेळ्यांना घालतात. दुसऱ्या गाठीपर्यंत तारेची उंची, अदमासानं. दोन गाठींमध्ये वीतभर अंतर होतं.

"आता थंडी हाये म्हणून वीत तरी हाये," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तार तापून अजून ढिली पडती, भाऊसाहेब. अन् आकडी उन्हाळ्यातच लागती."

एवढं चोख निवेदन बद्रीनाथरावांनी चांगल्या शिकलेल्या माणसाकडूनही ऐकलं नव्हतं. पण त्यांनी ऐकलं ते एवढंच की पडेल, लागेल, होईल. त्यांनी तिला नियम समजावून सांगितला. जे अजून झालं नाही, नुसतं होईल असं वाटतं, त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. कुणाला काही झालं आहे का? जनावर मेलं आहे का? पंचनामा आहे का? बानाबाईनं प्रत्येक वेळी मान हलवली, आणि दर नकाराला ती जरा जरा ओशाळत गेली, जणू काही घडलं नाही हा तिचाच गुन्हा. शेवटी त्यांनी विजेच्या कचेरीला अर्ज करायला सांगितलं. तसे दोन करून झाले होते.

"मंजी घडल्यावर यायचं," ती म्हणाली.

बद्रीनाथराव "तसंच काही नाही" असं काहीतरी बोलले. बाई गेली. सुतळी तिथंच राहिली. अधिवेशनाचे कागद मुंबईला पाठवून टेबल आवरताना दोरी सापडत नव्हती, तेव्हा त्यांनी त्याच सुतळीनं कात्रणांचा गठ्ठा बांधून टाकला.

वैशाखात एका सकाळी ते नेहमीसारखे पेपर कापत बसले होते. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती: तारेचा धक्का लागून मेंढपाळाचा मृत्यू. त्यांच्या कात्रीनं ती सवयीनं चौकोनी कापली, कडेला तारीख टाकली, आणि मग त्यांनी नाव-गाव वाचलं. भिकन. देवगाव रंगारी शिवार. भरदुपारी बाभळीखालून आकडी उभी धरून निघाला होता. बद्रीनाथरावांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. आप्पासाहेबांनी विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

तेराव्यानंतर बानाबाई जिना चढून आली. कपाळ मोकळं. बसली नाही. टेबलावरच्या गठ्ठ्याला बांधलेल्या सुतळीकडं तिनं एकदा बघितलं. दोन्ही गाठी तशाच होत्या. कमरेचा पंचनाम्याचा कागद काढून पुढं ठेवला.

"आता घडलं, भाऊसाहेब. आता लिव्हा."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बद्रीनाथरावांना बरं वाटलं असतं. एखाद्यानं कमी पडलेला दाखला आणून द्यावा, तसं तिनं ते म्हटलं होतं. भाऊसाहेबांनी सांगितलेली अट होती, ती पुरी झाली होती.

त्यांनी प्रश्न लिहिला. तो लिहिताना त्यांचा हात थांबला नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं. प्रश्न फार सुरेख झाला होता. पहिल्या कलमात मृत्यू, दुसऱ्यात तारेची उंची आणि आधीचे दोन अर्ज, तिसऱ्यात विलंबाची कारणं. पावसाळी अधिवेशनात आप्पासाहेबांनी तो खणखणीत आवाजात विचारला. छापील उत्तर हातात आलं तेव्हा बद्रीनाथरावांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. '(१) हे खरे आहे. (२) सदर तारेची उंची वाढवण्यात आली आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.'

हे खरे आहे. चौदा वर्षांची हौस पुरी झाली होती. त्यांनी तो कागद खिशात घातला, गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि कुणाला न सांगता देवगावची एसटी धरली.

वस्तीवर तार खरंच वर गेली होती. नवे दोन खांब उभे होते. बायाबापड्यांनी त्यांना खाटेवर बसवलं, दूध दिलं. तुमच्यामुळं झालं, असं एक म्हातारा म्हणाला, आणि बद्रीनाथरावांनी दुधाचा पेला खाली ठेवला. बानाबाईनं कागद वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचला. तिसऱ्या कलमापाशी तिनं अडवलं.

"उद्भवत नाय मंजी?"

उशीर झालाच नाही असं सरकारचं म्हणणं आहे, असं त्यांनी सांगितलं. बानाबाईनं नव्या खांबांकडं बघितलं. बद्रीनाथरावांना एसटीत बसल्यापासून बोलायचं होतं ते आता बोलावं लागलं. म्हणाले की बाई, सरकारचं सोडा, उशीर माझ्याकडून झाला. त्या दिवशी मला प्रश्न लिहिता आला असता. होईल ते विचारता येत नाही, हा नियम खरा; पण मी त्याच्या आड लपलो. एकदा हसं झालं होतं, पुन्हा होईल म्हणून भ्यालो. आणि त्यांनी सुतळीचं भेंडोळं तिच्यापुढं ठेवलं.

बानाबाईनं सुतळी उचलली. दोन गाठी बोटांनी चाचपल्या. त्यांच्यामधलं वीतभर अंतर अंगठ्याखाली धरून तिनं विचारलं,

"म्या आले त्या दिशी तार खाली व्हती. खरं व्हतं का नव्हतं?"

चौदा वर्षं बद्रीनाथरावांनी हाच प्रश्न लिहिला होता. अंशतः म्हणायची सोय इथं नव्हती.

"खरं होतं," ते म्हणाले.

"मंग तेवढंच लिवायचं व्हतं," बानाबाई म्हणाली, आणि सुतळी कमरेला खोवून शेळ्या सोडायला उठली.