सिंदीच्या टेलिफोनवाल्या बाई

कुसुमताईंना काहीही विचारा, उत्तर देण्याआधी त्या तुमचाच प्रश्न तुम्हाला परत ऐकवायच्या. "ताई, वर्ध्याची बस गेली का?" असं विचारलं की म्हणायच्या, "वर्ध्याची बस गेली का, असं विचारून राह्यला ना तू?" आपण हो म्हणायचं, मग उत्तर यायचं. तोवर बस खरोखरच गेलेली असायची. नवख्या माणसाला वाटे, बाई चेष्टा करतेय. मी मुळात तापट डोक्याचा, त्यामुळे मला या सवयीचा भयंकर वैताग यायचा.

ही सवय लागली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आमच्या सिंदी रेल्वेत फोनला डायल नव्हता, तेव्हाची गोष्ट. रिसीव्हर उचलला की पलीकडून ताईंचा आवाज यायचा आणि त्या वायर जोडून द्यायच्या. लोक नंबर थोडेच सांगत? "तो मोटार दुरुस्त करते, त्याले द्या", "बाळंतपण करते त्या बाईले द्या", असं काहीबाही सांगत. ताई ते शब्द जसेच्या तसे परत म्हणत, खात्री करून घेत, आणि फोन बरोबर त्याच माणसाला लागे. नव्वदच्या दशकात एक्स्चेंज आपोआप चालू लागलं आणि ताईंना टेबलावर बसवून फायली दिल्या गेल्या. त्यांनी कंटाळून मुदतीआधीच नोकरी सोडली, घराच्या पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकला आणि पुढे त्यातच लोकांना इंटरनेट वापरायला कॉम्प्युटर आणून बसवले. एकट्याच राहायच्या. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलंच, तर तोही प्रश्न परत ऐकवायच्या. फक्त उत्तर द्यायच्या नाहीत.

माझं दुकान स्टेशन रोडवर, गाद्यांचं. वडिलांनी थाटलेलं. सिंदीचा कापूस, तो पिंजून हातानं भरलेली गादी, हीच आमची ओळख. वडील गेले आणि नेमक्या त्याच सुमारास वर्ध्यापासून नागपूरपर्यंत दुकानं फोमच्या गाद्यांनी भरून गेली. आमच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. गादी भरणारे बाबूकाका सकाळी येत, दुपारपर्यंत बसून राहत आणि मान खाली घालून घरी जात. बायको म्हणाली, बुटीबोरीच्या कारखान्यात माणसं घेताहेत, बघा. मी अर्ज केला. दिवाळीपर्यंत वाट पाहायची आणि शटर ओढायचं, असं ठरवून टाकलं. पण वडिलांनी उभं केलेलं दुकान आपल्या हातानं बंद करायचं, हे मनाला पटत नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून मी इंटरनेटवर दुकानाचं पान करून घेतलं. काय केलं असेल? दुकानाच्या उद्घाटनाची जुनी पत्रिका स्कॅन करून जशीच्या तशी चढवली! वर गणपती, त्याखाली कुलदेवता, मग वडिलांचा फेट्यातला फोटो, 'आपले नम्र' म्हणून अख्खं खानदान, आणि तळाशी बारीक अक्षरांत 'उत्कृष्ट शयनसामग्रीचे भव्य दालन'. अहो, शुभकार्य म्हटल्यावर पत्रिका नको? आमच्याकडच्या बहुतेक दुकानदारांनी तेच केलं होतं. मोठ्या कौतुकानं मी ते ताईंना दाखवलं.

ताईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विलास, देवाले हे दिसते. मले दिसते. पण लोकं ज्याच्यातून शोधतात ना, त्या मशीनले यातलं कायीच दिसत नाई. त्याले फोटोतलं वाचता येत नाई रे बाप्पा! त्याच्या लेखी तुह्यं पान कोरं आहे."

"मग काय लिहू?"

"मग काय लिहू, असं विचारून राह्यला ना? मले काऊन विचारतं? गिऱ्हाईक काय म्हणते ते ऐक. दुकानात बसजो आन् तोंड बंद ठेवजो."

तोंड बंद ठेवणं म्हणजे माझ्यासाठी उपासापेक्षा कठीण. पण बसलो. जे काही मोजके लोक येत होते त्यांचं ऐकलं. शयनसामग्री एकानंही मागितली नाही. एक म्हातारी आली, "पाठ लय दुखते रे बाबू, कडक गादी आहे काय?" एक मास्तर म्हणाले, फोमवर घाम येतो, कापसाचीच दाखवा. एका बाईंना जुनी गादी पुन्हा पिंजून भरून हवी होती. मी हे सगळं ताईंना सांगत गेलो आणि त्या प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणत टाइप करत गेल्या. पानाचा मथळा झाला, 'पाठदुखीसाठी कडक कापसाची गादी, सिंदी रेल्वे, जिल्हा वर्धा'. खाली तेच इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा बहुतेक जण मराठी शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरांतच टाइप करत. मग पत्ता, फोन, दुकान कधी उघडं असतं ते. गणपती राहिला, पण कोपऱ्यात, एवढासा.

मी कुरकुरलो, "ताई, भव्य दालन तरी राहू द्या."

"कोनी घरातून निघताना म्हणते काय, चला भव्य दालनात जाऊ? तुले आवडते त्या शब्दानं नाई सापडाचं. लोकं मागतात त्या शब्दानं सापडाचं!"

तरी फोन काही येईना. शेजारच्या, शेतीचे पंप विकणाऱ्या पंपवाल्यानं नागपूरचा एक हुशार माणूस गाठला होता. त्यानं पंपवाल्याच्या पानावर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत विदर्भातल्या झाडून सगळ्या गावांची नावं लपवून ठेवली. माणसाला दिसत नाहीत, मशीनला दिसतात. शोधलं की त्याचं पान झपकन सगळ्यांच्या वर येऊ लागलं. मी ताईंकडे गेलो आणि म्हणालो, आपणही तसंच करू. ताई अशा भडकल्या की बूथमधला माणूस बोलणं थांबवून बघू लागला. "गडचिरोलीहून फोन आला त गादी कोन नेऊन देईन? तुह्या बाबूकाका? जिथं जात नाई तिथलं नाव लिहू नोको!" काही दिवसांनी मशीननं ती लबाडी ओळखली आणि पंपवाल्याचं पान असं गायब झालं की त्याचं त्यालाही सापडेना.

त्याऐवजी ताईंनी मला वर्ध्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते डॉक्टर रोग्यांना कापसाचीच गादी घ्या म्हणून सांगत आणि त्यांचंही इंटरनेटवर पान होतं. "त्यायनं आपल्या पानावर तुह्यं नाव घेतलं पाह्यजे. आपणच आपलं नाव घेतलं त कोन भरोसा ठेवते?" डॉक्टरांनी आधी आमची गादी दाबून, उलटून, तिच्यावर आडवं होऊन पाहिली. मग नाव घातलं.

बुटीबोरीहून बोलावणं येऊन पडलं होतं आणि मी कपड्यांची पिशवी भरत होतो, तेव्हा पुण्याहून फोन आला. एक बाई बोलत होत्या. त्यांची आई पवनारला एकटी राहायची, फोमच्या गादीवर तिला झोप लागत नव्हती. बाईंनी पुण्यात बसून पाठदुखी, कापूस, गादी, वर्धा असे शब्द टाकले आणि आमचं दुकान निघालं. मी पळत ताईंकडे गेलो. ताईंनी आनंद वगैरे काही दाखवला नाही. एवढंच विचारलं, "फोन लवकर उचलला ना? सापडून उपयोग काय, कोनी उचललाच नाई त?"

मग फोन येत राहिले. धो धो नाही, पण दुकान चालेल इतके. बाबूकाका संध्याकाळपर्यंत थांबू लागले. बुटीबोरीला मी गेलो नाही. आज हे लिहितोय ते त्याच दुकानात बसून, आणि हे ताईंमुळे आहे, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही हं. मोबाइल म्हणजे चार दिवसांचं खेळणं, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. कुणी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर चिवडा खाल्ला तर त्याला उठवून रस्त्यावर काढायच्या. पण गावातल्या शिंप्याचं, रोपवाटिकेचं, मंडपवाल्याचं पान त्यांनीच शेजारी बसून उभं केलं. मी एकदा म्हणालो, ताई, तुमचंही एक करू. "माह्यं? मले कोन शोधते?" म्हणाल्या आणि हसल्या.

एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. आपल्या घरी, माझ्याच दुकानातून नेलेल्या गादीवर. सगळं उरकल्यावर मी सहज त्यांचं नाव टाकून शोधलं. काहीच निघालं नाही. साऱ्या गावाला सापडतं करणारी बाई, आणि तिचं नाव कुठेच नाही! मला इतका राग आला की मी तिथेच पान करायला बसलो. 'एक समर्पित व्यक्तिमत्त्व' एवढं लिहिलं आणि हात थांबला. कोण शोधणार या शब्दांनी? गाडीतून उतरलेला माणूस स्टेशनवर काय विचारायचा? "टेलिफोनवाल्या बाई कुठी राहतात?" त्यांचं नाव कुणाला ठाऊक होतं! मी खोडलं आणि मथळा लिहिला, 'सिंदीच्या टेलिफोनवाल्या बाई'. त्यांचा फोन आता रिकाम्या घरात वाजला असता, म्हणून खाली दुकानाचा नंबर दिला.

उन्हाळ्यात दुकानातला फोन वाजला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, आष्टीहून. "पोरानं कॉम्प्युटरवर पाहून हा नंबर देल्ला. मी पयले सिंदीच्या कापसाच्या जिनिंगात कामाले होतो. माह्यी बायको बाळंतपणात अडली होती तवा टेलिफोनवाल्या बाईनं कुठून कुठून फोन लावून डॉक्टर पाठवला होता. तवा झालेल्या पोरीच्या पोरीचं लगन आहे. बाईले पत्रिका द्याची हाये."

"टेलिफोनवाल्या बाईंना पत्रिका द्यायची आहे, असं म्हणता ना?" मी विचारलं.

"हो."

प्रश्न परत म्हणण्याचा एक फायदा मला त्या दिवशी कळला. तेवढ्या वेळात गळा साफ करून घेता येतो.

"आणा," मी म्हणालो. "बाई नाहीत आता. पण पत्रिका आणा. त्यांच्या वतीनं मी येतो लग्नाला."