ऐकणारा आहे असं धरून

आमच्या भोंगासरांना रिकाम्या आकाशाशी बोलायची सवय होती. सकाळी धुकं विरलं की धावपट्टीवरून पहिलं विमान त्यांचंच निघायचं. आसपास दुसरं विमान सोडाच, घारसुद्धा नसायची. तरी आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि आता कुठे वळणार, हे ते रेडिओवर खणखणीत आवाजात सांगत राहायचे. त्या आवाजावरून कुणा जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना साखर कारखान्याच्या भोंग्याचं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सरांनाही ते ठाऊक होतं. "भोंगा वाजला की लोकं वेळेवर जागी हुत्यात, त्यात वाईट काय हाय?" असं म्हणून ते मोकळे व्हायचे. रेडिओवरचं त्यांचं इंग्रजी पलटणीतलं, कडक इस्त्रीचं. बटण सोडलं की भाषा थेट सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावावर यायची.

आमची धावपट्टी सातारा आणि सांगली यांच्या मधोमध, उसाच्या शेतांत. मोठ्या विमानतळावर मनोऱ्यात बसलेला माणूस 'तू थांब, तू उतर' असं सांगतो. आमच्याकडे मनोरा नाही. ज्यानं त्यानं रेडिओवर आपली जागा सांगायची, दुसऱ्याची ऐकायची आणि एकमेकांना सांभाळून उतरायचं. त्यात उडणारे जवळजवळ सगळे शिकाऊ. शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेची मुलंही सरावाला आमच्याकडे येतात. दोन शिकाऊ विमानं एकाच वेळी धावपट्टीकडे निघाली आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसला, तर पुढचं सांगायला नको. सरांचं सगळं शिकवणं त्या एका भीतीभोवती उभं होतं. "आकाशात कोण न्हाई असं कवाच समजायचं न्हाई," ते म्हणायचे. "ऐकणारा हाय असं धरून बोलायचं."

उतरताना भर उन्हातही ते विमानाचा पुढचा दिवा लावायला लावायचे. मी एकदा विचारलं, एवढ्या उजेडात दिवा कशाला? म्हणाले, "एखाद्याचा रेडिओ बंद असंल. त्येला आवाज न्हाई, उजेड तरी जाऊ दे."

मोघम बोलणं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. एकदा शेजारच्या शाळेतला मुलगा रेडिओवर ऐटीत म्हणाला, मी साखर कारखान्यावर आहे. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या आणि जो तो आपापल्या ओळखीच्या धुराड्याकडे बघायला लागला. तो मुलगा सांगलीच्या बाजूला होता आणि आम्ही त्याला साताऱ्याच्या बाजूला शोधत होतो. सरांनी रेडिओवरच विचारलं, कुठला कारखाना? उतरल्यावर त्या मुलाला त्यांनी चहा पाजला आणि मग झाडलं. "गड्या, हितं कुठंबी बघ, धुराडं हायच. लग्नाला बोलावतोस तवा नुसतं 'मांडवात या' म्हणतोस व्हय?"

मी मिरजेची. अब्बा सतारी बनवतात. घरात दिवसभर एकच तार पुन्हा पुन्हा छेडली जाते आणि ती नीट लागेपर्यंत कुणी बोलत नाही. त्या शांततेत वाढलेली मी रेडिओचं बटण दाबताना अडखळायचे. सर चिडायचे नाहीत. "मिरजवाले, अब्बांचा कान घेऊन आलीस, आता माझं तोंड घे," म्हणायचे. वळण्याआधी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतली की आता हात आपोआप ती करतो. आमच्या विमानाचे पंख डोक्यावर असतात. वळताना पंख खाली झुकतो आणि नेमकं वळायच्या बाजूचं आकाश झाकून टाकतो. म्हणून आधी तो पंख जरा उचलायचा, तिकडे डोळे भरून बघायचं आणि मगच वळायचं.

सर धावपट्टीजवळच भाड्याच्या घरात राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साताऱ्यात धाकट्या भावाचं मोठं घर होतं, पण "तितनं विमान दिसत न्हाई" म्हणून ते गेले नव्हते. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. फाटकाशी पोचले तर आतून आवाज. "चहा ठेवतोय गं." मग थोड्या वेळानं, "भाईरच्या खोलीत येतोय." मला वाटलं पाहुणे आलेत. आत पाहिलं तर सर एकटे, हातात कप.

मी डबा घेऊन तशीच उभी राहिले. तेच हसले. "ती हुती तवा बी सांगायचो," म्हणाले. "आता न बोलता घरात फिरलं की कुणाला तरी धडक बसंल असं वाटतं."

मलाही हसू आलं. सकाळच्या त्या रिकाम्या आकाशातल्या बोलण्याचा अर्थ मला हॉस्टेलवर परत येताना लागला. ते विमान शिकवायला उडायचे हे खरं, पण कधीतरी कुणीतरी उलट बोलायचं ते फक्त तिथेच.

माझं शिक्षण संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सर शेजारी बसलेले, मी उतरायला निघालेले. धावपट्टीकडचं शेवटचं वळण आलं. हेडफोनमध्ये एका मुलाचा आवाज आला. तो लांबून सरळ धावपट्टीकडेच येत होता, आमच्या वळणाच्या वाटेवरून. काही क्षणांनी तो पुन्हा बोलला.

"वळ," सर म्हणाले.

"सर, लांबून सरळ कोणीतरी येतंय."

"कोण न्हाई. वळ गं."

मी पंख उचलला. पांढरं विमान आमच्याच उंचीवर होतं, इतकं जवळ की आतल्या मुलाचा गॉगल दिसला. मी न विचारता विमान बाजूला काढलं आणि वर नेलं. पुढची फेरी मी पूर्ण केली, उतरले, इंजिन बंद केलं. तरी ते तसेच बसून.

"त्यो बोलला हुता?"

"हो सर. दोनदा."

"तुला ऐकू आलं."

"हेडफोन खराब असेल तुमचा," मी घाईनं म्हटलं.

त्यांनी माझा हेडफोन मागून घेतला, कानाला लावला. रेडिओवर दुसरं कुणीतरी बोलत होतं, ते मला हेडफोनबाहेरही ऐकू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. माझं बोलणं ते ओठांवरून ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं. हेडफोन माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "हेडफोनला कशाला नाव ठेवतीस?"

वैमानिकाला ठरावीक काळानं करावी लागते ती त्यांची वैद्यकीय तपासणी अजून बरीच लांब होती. मी कुणाला सांगितलं नसतं, त्या मुलाला तर काय झालं ते कळलंही नव्हतं. पण सर त्याच आठवड्यात साताऱ्याला जाऊन स्वतःहून कान तपासून आले आणि शाळेच्या ऑफिसात शिकवणं सोडल्याचं सांगून टाकलं. मी थांबवायला गेले. म्हणाले, "आयुष्यभर पोरांना सांगितलं, नुसतं बोलून भागत न्हाई, ऐकायला लागतं. आता मलाच ऐकू येत न्हाई तर मी कोणत्या तोंडानं बसू वर?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. माझा जीव तुटला, पण त्यांचं खरं होतं.

पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले. सर अंगणात खुर्ची टाकून बसायचे. शेवटच्या वळणाआधी आम्ही त्यांच्या कौलांवरूनच जायचो. आमचं इंजिनही त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या घराच्या अलीकडेच दिवा लावायचे. खालून ते दोन्ही हात वर करायचे. संध्याकाळी गेले की शेरा तयार असायचा. "दिवा बघितला. पर वळाया उशीर केलास." मी काय बोलते ते त्यांना अर्धंच कळायचं, तरी मी बोलायचे. निघताना तेही फाटकापर्यंत येत आणि मागे वळून रिकाम्या घराला सांगत, "हिला सोडून येतो."

गेल्या थंडीत छातीचं दुखणं वाढलं आणि भाऊ त्यांना साताऱ्याला घेऊन गेले. तिथेच ते गेले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. भावाच्या गच्चीवरून अजिंक्यतारा छान दिसतो. विमान मात्र खरोखरच दिसत नाही.

ते घर अजून बंदच आहे. अंगणातली खुर्ची कुणीतरी भिंतीला उलटी टेकवून ठेवली आहे. विद्यार्थी शेजारी असला तरी त्या कौलांवरून जाताना मला फार एकटं वाटतं.

परवा माझ्या शेजारी नवी मुलगी होती, पलूसची, पहिल्याच आठवड्यातली. सकाळची वेळ, आकाश स्वच्छ, आमच्याशिवाय कुणी उडत नव्हतं. शेवटचं वळण जवळ आलं तरी ती गप्प. मी तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, आज दुसरं कोणीच नाही," ती म्हणाली. "तरी बोलू?"

खाली कौलं दिसायला लागली होती.

"बोल," मी म्हटलं. "आणि दिवा लाव."