सर्वांत लवकर कोण सुटलं?

हॅनकॉक गावच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. आइला लाहती ही माझी विद्यार्थिनी. तिचे वडील व्हर्नन गावातला बर्फ काढायचा ट्रक चालवायचे. चाळिशीच्या आतच त्यांची बोटं आपोआप हलू लागली. चर्चमध्ये ते उजवा हात मांडीखाली दाबून बसत. पुढे बोलणंही अडखळू लागलं. हंटिंग्टनचा आजार. बापाला असला की मुलाला होण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की आधीच कळतं. आइलाने तपासलं नव्हतं.

तिला डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायची होती. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. मिलवॉकीला सात वर्षांत सुटका, घरही त्यातल्या त्यात जवळ. पण या आजारावर तिथे कोणी काम करत नव्हतं. बॉस्टनला करत होते, मात्र तिथे नऊ वर्षं सहज जात. एप्रिल संपायच्या आत एक जागा सोडायची होती.

निवडलेल्या मुलांना कॉलेजं पुन्हा बोलावून जेवू घालतात. बॉस्टनच्या जेवणात आइलाने विचारलं, "इथून सर्वांत लवकर कोण सुटलं?"

टेबलावर हशा पिकला. एक सीनियर म्हणाला, "आत्ताच कंटाळलीस? आधी आत तर ये."

तीही हसली, असं तिने मला नंतर सांगितलं. मी तिला म्हटलं, आधी तपासणी करून घे, मग ठरव.

"बाई, निकाल वाईट आला तर मी काहीच निवडणार नाही."

व्हर्ननना मिलवॉकीचं नावही नको होतं. शब्द जुळवत ते म्हणाले, "जवळ राहून काय, माझे डायपर बदलणार? त्याला तुझी आई आहे. तू बॉस्टनला जा."

ती गेली. दोन वर्षं डॉक्टरकी झाली, मग प्रयोगशाळा सुरू झाली. ती तिथे असतानाच व्हर्नन गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. आइला माझ्याशेजारी बसली होती. तिचा कप बशीवर किणकिणत होता. मी खिडकीकडे पाहिलं.

"बघितलंत तरी चालेल, बाई."

तिने कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली सरकवला. आता काय करणार, मी विचारलं.

"प्रबंध उरकते. मग वॉर्डातली दोन वर्षं राहतील." दुसऱ्या हाताने तिने कप दूर सारला. "बॉस्टनच्या त्या जेवणात सगळे नुसते हसले, बाई. उत्तर कोणी दिलंच नाही."